घर बंद असल्याचा शेरा

मंगळवारी साडेदहाच्या एसटीनं टपालाची थैली आली. थैलीत तीन पत्रं, एक विम्याची नोटीस आणि राकेशच्या नावाचं एक खाकी पाकीट होतं, आणि त्या पाकिटाचा एक कोपरा फाटला होता. फाटला नसता तर मी ते आत नेऊन त्याच्या गादीवर टाकलं असतं आणि तांदूळ निवडायला बसले असते. हल्ली त्याची अशी पाकिटं येतातच, कधी मोबाईलचं कव्हर, कधी बूट, कधी होणाऱ्या बायकोसाठी, दीक्षासाठी मागवलेलं काहीतरी. पण फाटकी वस्तू आली की पोस्टमास्तरनं ती तशीच देऊ नये, चिकटपट्टी लावावी, वर तारखेचा शिक्का मारावा असं आम्हाला शिकवलेलं आहे, आणि बावीस वर्षं मी शिकवल्याप्रमाणे वागत आले आहे. चिकटपट्टी लावताना भोकातून आतल्या खोक्यावरची अक्षरं दिसली. एच.आय.व्ही. घरच्या घरी करायची चाचणी. विनामूल्य. मी शिक्का मारला. तारीख दोनदा उमटली.

आमच्या वाडीचं पोस्ट म्हणजे आमच्याच घराची पडवी. एक टेबल, एक लोखंडी कपाट, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या शेजारी वजनकाटा. पडवीत पोस्ट, मधलं दार ओलांडलं की आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि राकेश, माझ्या मेलेल्या भावाचा मुलगा. टेबलापासून त्याच्या खोलीपर्यंत आठ पावलं आहेत आणि ती आठ पावलं मला टाकता येईनात. मी खात्यानं दिलेला मोबाईल उघडला. वस्तू वाटली नाही तर कारण निवडावं लागतं, कारणांची यादी त्यात तयारच असते. पत्ता अपुरा. माणूस बाहेरगावी. घेण्यास नकार. घर बंद. पत्ता अपुरा म्हणावं तर तो माझाच पत्ता. बाहेरगावी म्हणावं तर राकेश मिरजोळ्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेला, पावणेचारला घरी येणारा. नकार देण्याइतकं त्याला अजून काही कळलेलंच नव्हतं. मी घर बंद वर बोट ठेवलं. ज्या घरात बसून मी घर बंद असल्याचं लिहीत होते त्याचं मधलं दार माझ्या पाठीमागे सताड उघडं होतं आणि आत कुळथाची पिठी रटरटत होती. पिठी उतू जाईल म्हणून मी उठले, मग पुन्हा बसले, आणि पाकीट कपाटात रिकाम्या थैल्यांच्या खाली सरकवलं. पिठी शेवटी खाली लागलीच. मग कशासाठी कोण जाणे, मी राकेशला फोन लावला आणि पिठी केली आहे, डब्यातलं सगळं संपवू नकोस, एवढंच सांगून ठेवून दिला.

संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा मी त्याच्याकडे पाहत राहिले. हे पाहणं मला नवीन नाही. एकोणतीस वर्षांच्या त्या आडव्या बांध्याच्या मुलाला मी सत्तावीस वर्षं पाहतेच आहे. शेजारच्या बायका पोरांना ताप आला की गवती चहा उकळायच्या, मी दिवस मोजायचे. तीन दिवसांत ताप उतरला की श्वास सोडायचा. पाचवा लागला की रात्री त्याच्या काखेत, मानेजवळ बोटं फिरवून गाठी शोधायच्या, आणि तो झोपेत कुशीवर वळला की हात काढून घ्यायचा. तोंड आलं तर जीभ बाहेर काढ म्हणायचं. बारावीच्या परीक्षेत त्याचं वजन उतरलं तेव्हा मी त्याला पार्सलच्या काट्याजवळ उभं केलं होतं आणि आपण काय करतोय ते कळून हसत सुटले होते. पण त्याला घेऊन रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात मी एकदाही गेले नाही. एसटीनं अर्ध्या तासाचा रस्ता. तिथं एक खिडकी आहे, रक्त घेतात, नाव गुप्त ठेवतात, हे मला ठाऊक होतं, त्यांची भित्तिपत्रकं माझ्याच पडवीत लागलेली होती. मी ती सरळ लावून, चार कोपऱ्यांना खळ फासून, त्यांच्याकडे पाठ करून बसत असे.

कारण आमच्या घरात तो आजार झालाच नव्हता. आमच्या घरात झाली होती ती कावीळ. माझा भाऊ जानू मुंबईला टेम्पोवर होता, शहाण्णव साली परत आला तेव्हा त्याचे गाल आत गेले होते आणि पँट सुतळीनं बांधलेली होती. सरकारी दवाखान्यातून कागद आला, तो आयेनं चुलीत घातला आणि कावीळ म्हणून सांगितलं. ठरलं ते ठरलं. आयेनं त्याला काजूच्या बागेतल्या मांगरात ठेवला, गवत आणि अवजारं ठेवायच्या झोपडीत. कमलावहिनी दोन वर्षांच्या राकेशला कडेवर घेऊन दारात उभी राहायची आणि मांगराच्या दिशेनं बघायची, तिला जाऊ देत नसत. जायची ती मी. मी वीस वर्षांची होते, धाकटी होते, आणि घरात माझ्यावाचून कुणाचं अडणार नव्हतं. जर्मलचं ताट बागेच्या गडग्यावर, चिऱ्याच्या बुटक्या कुंपणावर ठेवायचं, दहा पावलं मागं जायचं, मग त्यानं येऊन उचलायचं. जेवून झालं की त्यानंच घासायचं. एकदा मी ताट ठेवून वळले तेव्हा तो मागून म्हणाला, "सगुणे, कुत्र्याला पण मानसा हातान घालतत." रागानं नाही म्हणाला. थट्टेतच म्हणाला, तो सगळ्यांची थट्टा करायचा. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि जांभ्याच्या पायवाटेनं खाली आले, आणि घरी आल्यावर आयेला सांगितलं की आज त्यानं सगळा भात खाल्ला.

मी त्याला एकदाच धरला. कार्तिकातली दुपार होती. कुंपणाला करवंदीचे काटे तोडून मी परस्पर ताट घेऊन वर गेले होते, हात कोपरापर्यंत ओरबाडलेले, तळव्यांवर रक्त साकळलेलं. तो गडग्याशी उभा होता, खोकत होता, आणि उभ्या उभ्या कोसळायला लागला. तेव्हा दहा पावलं वगैरे काही सुचलं नाही. मी धावले, त्याला काखेत धरला, बसवला, त्याचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं. तोंडातून रक्त आलं ते माझ्या हातांवर आलं. गरम होतं. माझ्या तळव्यांच्या भेगांत ते शिरताना मी बघत होते, डाव्या अंगठ्याखाली एक काटा मोडून राहिला होता, त्याच्याभोवती ते साचलं होतं. किती वेळ बसले आठवत नाही. मग व्हाळाच्या वाहत्या पाण्याशी गेले आणि वाळूनं हात घासले, राखेनं घासले, पुन्हा वाळूनं, चामडी सोलवटून निघाली तेव्हा वाटलं की आता तर दारं जास्तच उघडली. दुसऱ्या दिवशी मी ताट गडग्यावर नव्हे, त्याच्याही अलीकडे, फणसाखालच्या दगडावर ठेवलं. त्याला आणखी वीस पावलं चालायला लागली. बाराव्या दिवशी तो गेला. आणि मी, त्याची बहीण, रडताना मनात दुसरंच मोजत होते, बारा दिवस झाले, मला अजून ताप आला नाही.

आता हे सांगितलंच आहे तर सगळं सांगते. राकेशकडे पाहत राहणं हे खरं होतं, पण अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं पाहणं आरशात चालायचं. वहिनी दीड वर्षानं तिच्या माहेरी पोफळीला गेली, तिथल्या कॉलनीत तिचा भाऊ वायरमन होता, तिलाही तिकडे म्हणे कावीळच झाली आणि त्यातच ती संपली. पोर माझ्याकडे राहिलं. त्याला मी भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं, पण मुका कधी घेतला नाही. माझं ताट वेगळं, पेला वेगळा, कंगवा, नखं कापायचं यंत्र, टॉवेल, सगळं वेगळं. विळीवर बोट कापलं की मी आरडाओरडा करून सगळ्यांना स्वयंपाकघरातून हाकलायचे आणि फरशी फिनेलनं तीनदा पुसायचे. ताटानं, पेल्यानं काही होत नाही हे पुढे त्या भित्तिपत्रकांनीच मला सांगितलं. सांगितलं ते पटलंही. पण मन एकदा ज्या खुंटीला बांधलं त्याच खुंटीभोवती फिरतं, आणि माझ्या बाबतीत तर पेला नव्हता, रक्तच होतं. दहा वर्षं झाली, वीस झाली, अंगावर मूठभर मांस चढलं, चाळिशीत चष्मा लागला. औषधाशिवाय इतकी वर्षं कुणी जगत नाही हेही मी वाचलं. मग दुसऱ्याच एका कागदावर वाचलं की क्वचित कुणी जगतं. झालं, त्या क्वचितमध्ये मी बिऱ्हाड केलं.

लग्नाचंही तेच. दाभोळचे एक मास्तर आले होते बघायला, दोन हजार दोन साली. पोहे खाल्ले आणि तुम्ही वाचता का म्हणून विचारलं. मी म्हटलं, लोकांची कार्डं वाचते. ते इतके हसले की पोहे घशात अडकले. मला ते आवडले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, मला ते फार आवडले होते. आठ दिवसांनी मी नकार कळवला, कारण दिलं राकेशचं, पोराला कोण बघणार. वाडीला ते कारण इतकं आवडलं की तिनं ते उचलून डोक्यावर घेतलं. विहारात महिला दिनाला मला शाल देऊन सत्कार केला, भाच्यासाठी संसारावर पाणी सोडलं असं म्हणाले, बायकांनी डोळे पुसले. मी मान खाली घालून शाल घेतली. खाली मान बघून लोक म्हणाले, किती विनय. माझ्या मनात होतं की मास्तरांना जिवंत ठेवण्यासाठी मी लग्न केलं नाही, आणि हे जर मी खात्री करून घेऊन केलं असतं तर तो त्याग, न करता केलं म्हणून तो भेकडपणा. खात्री एका सुईवर होती. पण खात्री करायची म्हणजे दोन्हींपैकी एक उत्तर घ्यायचं, आणि मला दोन्ही उत्तरं परवडत नव्हती. आजार आहे असं निघालं तर ज्या पोराला दोन्ही हातांनी वाढवलं त्याच्याकडे बघायचं कसं. आणि नाही असं निघालं तर हे सगळं कशासाठी केलं. वर्षं जातील तशी दुसऱ्या उत्तराची भीती पहिल्यापेक्षा मोठी होत गेली.

राकेश अठरा वर्षांचा झाला तेव्हा जयंतीला विहारात रक्तदान शिबिर होतं, त्यानं न विचारता रक्त दिलं आणि हातात केळं घेऊन घरी आला. मी त्याच्यावर का ओरडले ते त्याला कळलं नाही. रक्त तपासतात, काही निघालं तर कळवतात, आणि कळवणार कसे, टपालानं. पुढचे तीन महिने रोजची थैली मी टेबलावर उपडी करायचे. सरकारी लिफाफा दिसला की आधी नाव, मग श्वास. काही आलं नाही. दरवर्षी तो रक्त देत राहिला, दरवर्षी काही आलं नाही, आणि मला हळूहळू मान्य करावं लागलं की पोर सुटलं. त्या दिवसांत मी एकटीच आत राहिले आणि मला, खोटं कशाला बोलू, थोडं एकटं वाटलं.

म्हणूनच मंगळवारचं पाकीट मला कळेना. सुटलेल्या मुलाला आता ही चाचणी कशाला हवी? मे महिन्यात त्याचं लग्न. दीक्षा रत्नागिरीत एका दुकानात हिशेबाला आहे, नीट बोलणारी, नजर न चुकवणारी मुलगी. तो कुठं गेला होता, कुणाबरोबर, कंपनीतल्या पोरांबरोबर एकदा गोव्याला गेला होता ते आठवलं. परत आल्यावर दोन दिवस झोपून होता, ऊन लागलं म्हणाला. बुधवारी मी पुन्हा पाकीट काढलं, पुन्हा मोबाईल उघडला, पुन्हा घर बंद. विजेची बिलं वाटून येताना विहिरीच्या वाटेनं आले. काजूच्या बोंडांचा वास सुटला होता, त्या वासानं मला मांगर आठवतो आणि मी मार्चभर तोंडानं श्वास घेते. सात दिवस ठेवलं की वस्तू पाठवणाऱ्याकडे परत जाते. सात दिवस काढायचे. पण परत गेलं तरी त्याला काय झालंय ते परत जाणार आहे का, असं मी चालता चालता मोठ्यानं बोलले आणि समोरून येणारी म्हातारी गोदूबाई थांबून म्हणाली, काय गो, कुणाशी बोलतेस.

गुरुवारी तिसऱ्यांदा घर बंद लिहिताना आणखी एक गोष्ट मनात वर आली, जी मी बाजूला सारून ठेवली होती. मागच्या महिन्यात दीक्षा आणि तिची आई घरी आल्या होत्या. उन्हाची आलेली पोर, स्वयंपाकघरात गेली, फळीवरचा स्टीलचा पेला घेतला आणि माठातलं पाणी प्यायली. तो माझा पेला होता. मी तिच्या हातातून तो ओढून घेतला. पाणी तिच्या ड्रेसवर सांडलं. मी काहीतरी बोलले, पेला खरकटा होता म्हणाले, पण पेला लखलखीत होता आणि ते तिघांनी पाहिलं. तिच्या आईनं पदर सारखा केला. आमच्या लोकांना पाण्याच्या भांड्यावरून हात झटकणं म्हणजे काय, हे कुणी शिकवावं लागत नाही, ते पिढ्यांनी शिकवून ठेवलेलं आहे, आणि ते मी केलं होतं, आमच्याच होणाऱ्या सुनेला, आमच्याच घरात. त्या रात्री राकेश जेवला नाही. मी विचारलं तर भूक नाही म्हणाला. तेव्हापासून तो माझ्याकडे पाहतो आहे हे मला कळायला हवं होतं, पण मी त्याच्याकडे पाहण्यात गुंतले होते.

शुक्रवारी तो दुपारी एक वाजताच आला. अर्धी सुट्टी टाकून. पडवीत शिरला, हेल्मेट काट्यावर ठेवलं, काट्यानं सव्वा किलो दाखवलं. टेबलासमोरच्या बाकावर, जिथं गिऱ्हाइकं बसतात तिथं बसला आणि त्याचा मोबाईल माझ्यापुढे धरला.

"आत्ये, आपला घर कधी बंद होता?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"तीन दिवसात तीन मेसेज आले. घर बंद असल्यामुळे वस्तू देता आली नाही. मंगळवारी ज्या टायमाला मेसेज आला, त्याच्या मागोमाग तू मला फोन केलंस, पिठी केली हाय म्हणून."

शेरा मारला की घेणाऱ्याला आपोआप मेसेज जातो. हे मी गावातल्या पन्नास माणसांना समजावून सांगितलेलं आहे, आणि तीनदा शेरा मारताना मला ते एकदाही आठवलं नव्हतं. खोटं लिहून मी ते स्वतःच्या हातानं त्याच्या खिशात पोचवलं होतं. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू यायला लागलं. मी कपाट उघडून पाकीट त्याच्यापुढे ठेवलं आणि विचारलं की काय झालंय तुला, कुठं गेला होतास, मला खरं सांग. त्यानं माझ्याकडे पाहिलं, जसं आपण चुकीच्या घरी आलेल्या माणसाकडे बघतो.

"ता पाकीट माझा नाय," तो म्हणाला. "तुझा हाय."

मग त्यानं सांगितलं. कंपनीत आरोग्य शिबिर झालं होतं, एका संस्थेच्या बाई आल्या होत्या, त्यांनी तासभर सगळं समजावलं, कशानं होतो, कशानं होत नाही. ताटानं होत नाही, पेल्यानं होत नाही, असं त्या एकेक सांगत गेल्या आणि ह्याला आमच्या घरातली फळी दिसायला लागली. ताट, पेला, कंगवा, फिनेल. बाईंनी सांगितलं की नाव-पत्ता दिला की चाचणी फुकट घरपोच येते. त्यानं त्याच रात्री मागवली. स्वतःच्या नावानं, कारण माझ्या नावानं आली असती तर मी ती परत धाडली असती. दीक्षाला त्यानं सगळं सांगितलं होतं. तिनंच म्हणे म्हटलं, आत्या रागावलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. मी विचारलं, तुला हे कधीपासून, म्हणजे तुझ्या बापसाचं, कुणी सांगितलं तुला.

"नववीत असल्यापासून ठाऊक हाय. सगळ्या वाडीला ठाऊक हाय, आत्ये. कावीळ फक्त आपल्या घरात होती."

बावीस वर्षं माझ्याकडून पत्रं घेताना, मला शाल घालताना ती माणसं हे धरून होती आणि एकानंही मला ते कळू दिलं नाही. हे चांगलं केलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी उठून पडवीचं दार लावलं आणि कडी घातली. आता निदान एक तरी शेरा खरा झाला, असं मनात आलं.

त्यानं पाकीट फोडलं, माझी चिकटपट्टी फाडली, कागद वाचला. सुई बोटाला टेकवून दाबायची होती. मी त्याला लांब बसायला सांगितलं. तो बसला नाही. रक्ताला हात लावणार नाही, तेवढं मला कळतं, म्हणाला, आणि माझं मनगट धरलं. माझा सगळा हात लाकडासारखा ताठ झाला, सत्तावीस वर्षांत त्या हाताला रक्त असताना कुणी धरलं नव्हतं. टचकन आवाज झाला. थेंब आला, लहानसा, साधा, कुणाच्याही बोटातून यावा तसा. तो पट्टीच्या खाचेत सोडला, वर औषधाचे दोन थेंब टाकले, आणि राकेशनं मोबाईलवर वीस मिनिटं लावली. एक रेघ म्हणजे नाही. दोन म्हणजे दवाखान्यात जाऊन पुन्हा तपासायचं, गोळ्या फुकट मिळतात, माणसं म्हातारी होतात, त्यानं कागद मला दोनदा वाचून दाखवला. मी ऐकत होते आणि माझ्या मनात जे चाललं होतं ते त्याला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड केलं. मला क्षणभर वाटलं होतं, दोन रेघा याव्यात. म्हणजे मास्तरांचं कारण खरं होईल. म्हणजे ताट, पेला, फिनेल, सगळ्याला अर्थ येईल, आणि मी मूर्ख ठरणार नाही. एवढं वाटलं आणि स्वतःचीच किळस आली. बाहेर कुणीतरी कडी वाजवली, पोस्ट बंद का म्हणून विचारलं, आणि निघून गेलं.

वीस मिनिटांनी एकच रेघ होती. आम्ही आणखी दहा मिनिटं बसलो, दुसरी येते का बघायला, ती आली नाही. राकेश एकदम उभा राहिला, त्याचे डोळे भरले होते, दीक्षाला फोन करतो म्हणाला, मग केला नाही, पुन्हा बसला. त्याला वाटत होतं की मी हसेन. मी पट्टीकडे बघत होते. त्या एका रेघेत मला माझी वर्षं दिसली नाहीत, मास्तर दिसले नाहीत, इतके दिवस ज्याला घाबरले ते काहीच दिसलं नाही. मला फणसाखालचा दगड दिसला, आणि गडग्यापासून तिथवर येणारी ती वीस पावलं. त्याला धरून मला काही झालं नव्हतं. ओरबाडलेल्या हातांनी धरून काही झालं नव्हतं. मग मी त्याला रोज धरू शकले असते. रोज. राहिलेले बाराच्या बारा दिवस मी त्याच्याजवळ बसू शकले असते, त्याला भरवू शकले असते.

मी राकेशला हे सांगितलं. मांगराचं, गडग्याचं, दगडाचं. तुझ्यासाठी लग्न केलं नाही हे खोटं आहे, हेही सांगितलं, ते त्यानं हातानंच बाजूला सारलं, जणू ते त्याला ऐकायचंच नव्हतं. तो दुसऱ्याच जागी अडकला होता. बापाचा एकही फोटो आमच्याकडे नाही, जो होता तो आयेनं कागदाबरोबरच जाळला. कावीळ लपवता लपवता आम्ही माणूसच लपवला होता, आणि या पोरानं कधी काही विचारलं नव्हतं. आता तो बाकावरून पुढे झुकला.

"तू त्याला धरलंस तेव्हा शुद्धीत होता?"

"होता."

"मग काय बोलला?"

बोलला होता. माझ्या खांद्यावर त्याचं डोकं होतं, कानाशी त्याचं तोंड होतं, तो बराच वेळ बोलत होता, मधून खोकत होता, राकेशचं नाव त्यात दोनदा आलं होतं एवढं मला पक्कं ठाऊक आहे. मी डोळे मिटले आणि त्या दुपारी परत गेले, जशी हजारदा गेले होते. माझे तळवे दिसले. भेगा दिसल्या. डाव्या अंगठ्याखालचा काटा दिसला, त्याचं मोडलेलं काळं टोक, त्याच्याभोवतीचं रक्त, सगळं लख्ख. मी आवाज शोधत राहिले. राकेश मोबाईल उपडा ठेवून थांबला होता.

"आठवत नाय रे," मी म्हटलं. "मी माझ्या हाताकडं बघत होतंय."